नागीण गेली, दुखणं राहिलं

थोडी मोठी पोस्ट आहे. निवांत वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

एरवी मी इथे रस्त्यातले खड्डे, रद्द झालेल्या एसटीच्या फेऱ्या आणि शाळांची पटसंख्या यावर लिहिते. आज दुखण्यावर लिहिणार आहे. बाईंनी आता स्वतःच्या आजारपणाचं रडगाणं लावलं, असं कुणाला वाटेल, तर त्यांना विनंती की शेवटपर्यंत वाचा. हा विषय खड्ड्यांइतकाच सार्वजनिक आहे.

अडीच वर्षांपूर्वी मला नागीण झाली. डावीकडे, छातीच्या खालून पाठीच्या मणक्यापर्यंत, अर्ध्या पट्ट्यासारखी. पुरळ यायच्या आधी तीन दिवस नुसतंच दुखत होतं. डावी बाजू, वय अठ्ठावन्न, म्हणून घरच्यांनी आधी ईसीजी काढायला पळवलं. तो नॉर्मल आला. चौथ्या दिवशी पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले आणि मग निदान शेजारच्या काकूंनीच केलं. "अगं बाई, ही तर नागीण!"

पुढचे दोन दिवस घरात सल्ल्यांचा पाऊस. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लाव. गेरू लाव. अमक्या गावात एक म्हातारा मंत्र घालून उतरवतो. आणि प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं: "दोन तोंडं मिळू देऊ नका, मिळाली की माणूस जातो."

या आजाराचा नागाशी काही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून पूर्ण जात नाही. मणक्याशेजारी नसांच्या ज्या गाठी असतात, त्यात तो वर्षानुवर्षं गपचूप पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेत जागा होतो आणि तिच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मध्यावर येऊन थांबतो. दोन तोंडं सहसा मिळत नाहीत ती एवढ्याचसाठी. मंत्र घालणाऱ्याचं यश तिथूनच येतं. न घालताही पट्टा तिथेच थांबणार असतो.

मला दुसऱ्याच दिवशी विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या. ॲसायक्लोव्हिर, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत हे औषध सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. फोड लवकर वाळतात, सुरुवातीचा त्रास कमी होतो. पण नंतर दुखणं राहणारच नाही, याची खात्री ते देत नाही. तीन आठवड्यांत माझ्या खपल्या पडल्या. लोक म्हणाले, सुटलात बाई.

दुखणं मात्र सुटलं नाही. नागीण बरी होऊन तीन महिने उलटल्यावरही दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. वय साठीच्या पुढे सरकतं तसा हा धोका वाढत जातो.

दुखतं म्हणजे कसं, ते सांगते, कारण हे ज्याला नाही त्याला कळणं फार अवघड आहे. एक दुखणं सतत असतं. ओली मिरची वाटल्यावर हात जसा रात्रभर चुरचुरतो, तसं. दुसरं अधूनमधून येतं, कुणी सुई खुपसून काढून घ्यावी तसं, एका क्षणाचं. आणि तिसरं सगळ्यात विचित्र. हलक्या स्पर्शाचं. पदर घसरला की आग, पंख्याचा वारा लागला की आग. पण तळहातानं तीच जागा घट्ट दाबून धरली तर बरं वाटतं. माझी नात मागून येऊन गळ्यात पडायची, ती आता आधी विचारते, "आजी, आज कुठल्या बाजूनं येऊ?"

आणि वरून बघाल तर काही नाही. थोडे फिकट डाग. एक्सरे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल. "सगळं नॉर्मल आहे, मग दुखतंय कुठं?" हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला त्याची मोजदाद नाही. त्यात डॉक्टरही आले आणि नातेवाईकही.

दुखतं ते नसेत. विषाणूनं नस आतून खराब केलेली असते. बाहेर इजा नसतानाही ती मेंदूला "इजा झाली, इजा झाली" असं कळवत राहते. उंदरानं वायर कुरतडली आणि दारात कुणी नसताना घंटी वाजत राहिली, तसं. एक्सरेत दार दिसतं, घंटी दिसत नाही. आणि बरेच दिवस हे चाललं की मणका आणि मेंदूही त्या आवाजाला सरावतात, साधा स्पर्शही त्यांना मोठा वाटू लागतो. म्हणून याला साधी कळ म्हणून चालत नाही, आणि साध्या कळेची गोळीही चालत नाही.

हे दुखणं फक्त नागिणीनंतर होतं असं नाही. मधुमेहात तळपाय जळतात, मुंग्या येतात, रात्री चादर पायावर सहन होत नाही, तेही हेच. चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ येते, दात घासताना, घास चावताना, ती ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. सायटिकाची पायात उतरणारी कळ. कॅन्सरच्या केमोनंतर बोटांत राहिलेली जळजळ. कुष्ठरोग बरा झाल्यावरही नसांत राहिलेलं दुखणं. अपघातात पाय गेल्यावर, नसलेल्या पायात दुखणं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या थोड्यांचे जरी पाय जळत असतील तरी आकडा कुठे जातो, तो तुम्हीच काढा.

आता उपचारांकडे येते. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. खाली जे लिहितेय ते वाचून मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या आणू नका. डॉक्टरांशी नीट बोलता यावं, एवढ्यासाठी लिहितेय.

पहिली गोष्ट, नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. या सूज आणि इजेच्या दुखण्यावर चालतात. नसेच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि किडनी मात्र खराब होते. मधुमेह असलेल्याला तर जास्तच. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराला आलं की एक सुई टोचून घ्यायची, ही पद्धत आहे. पाय जळणाऱ्या माणसानं ती सुई घेऊन जळजळ थांबत नाही, आणि किडनीचा हिशोब नंतर येतो.

दुसरी, ताकदीच्या गोळ्या. बी-१२, मिथाइलकोबालामिन. "नसांची गोळी" म्हणून हीच सगळीकडे दिली जाते. रक्तात बी-१२ खरोखर कमी असेल तर ती हवीच. शाकाहारी माणसांत आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, तेव्हा एकदा तपासून घ्या. पण कमतरता नसताना नुसत्या त्या गोळीनं नागिणीनंतरची आग विझेल, असं नाही.

तिसरी, अमिट्रिप्टिलिन. ही मला मिरजेच्या डॉक्टरांनी रात्रीची १० मिलिग्रॅम दिली. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी. त्यानं चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं, आवाज खाली केला आणि म्हणाला, "बाई, ही डिप्रेशनची गोळी आहे. चुकून लिहिलीय का?" चुकून लिहिली नव्हती. हे औषध मूळचं नैराश्याचं. पण नैराश्याला लागते त्याच्या कितीतरी कमी डोसात ते नसेचं दुखणं कमी करतं. मणक्यातून वर जाणारा दुखण्याचा निरोप अडवण्याची शरीराची स्वतःची एक यंत्रणा असते, तिला ते बळ देतं. दिवसाला दोन-तीन रुपयांत येणारं जुनं औषध. पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी डोकं जड. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडण्याची भीती. हृदयाचे ठोके, काचबिंदू, प्रोस्टेट यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

चौथी, गॅबापेन्टिन आणि प्रीगाबालिन. मूळ फिट्सची औषधं, भडकलेल्या नसेला शांत करतात. हळूहळू वाढवायची असतात. किडनी कमी चालत असेल तर डोस कमी. झोप येते, तोल जातो, पाय सुजतात, वजन वाढतं. आणि ही अचानक बंद करायची नसतात, उतरवत आणायची असतात. यांचीही सवय लागू शकते. ब्रिटननं २०१९ साली दोन्ही औषधं नियंत्रित औषधांच्या यादीत टाकली. तेव्हा शेजारणीची कॅप्सूल उसनी घेणं हा प्रकार बंद करा.

पाचवी, ड्युलोक्सेटिन. हीसुद्धा नैराश्याच्या औषधांतली, मधुमेहाच्या जळणाऱ्या पायांना जास्त करून दिली जाते. चेहऱ्याच्या विजेसारख्या कळेला मात्र कार्बामाझेपिन हे वेगळंच औषध पहिलं. म्हणजे "नसांचं दुखणं" एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या नसेचं आणि कशामुळे, हे कळावं लागतं.

मग लावायची औषधं. लिडोकेनची पट्टी दुखऱ्या जागी १२ तास लावायची, १२ तास काढायची. कातडी बधिर होते, पोटात काही जात नाही, म्हणून वय झालेल्यांना बरी. पण रोज लावायची तर खिशाला परवडत नाही. मिरचीतल्या तिखटापासून केलेली कॅप्सेसिनची मलमं असतात. परदेशात त्याची ८ टक्क्यांची पट्टी दवाखान्यातच लावतात. घरची मिरची वाटून लावायचा उद्योग कुणी करू नये, कातडी भाजेल.

यानंतर पेन क्लिनिकमध्ये होणारे उपाय. नसेजवळ भूल देणारं इंजेक्शन, रेडिओफ्रिक्वेन्सी, विजेच्या सौम्य झटक्यांचं टेन्स यंत्र. अगदी शेवटी मणक्यात बसवायचं यंत्र, त्याचा खर्च काही लाखांत. मी फासळीच्या नसेचा ब्लॉक घेतला. सहा आठवडे फार बरं गेलं, मग हळूहळू पूर्वपदावर. विमा कंपनीनं क्लेम नाकारला. कारण काय, तर २४ तास ॲडमिट नव्हता.

ट्रामाडॉलसारख्या औषधांचं वेगळं. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. गैरवापर होतो हे खरं, पण त्यामुळे खरा रुग्ण चिठ्ठी घेऊन गेला तरी त्याच्याकडे संशयानं बघतात. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी संसदेनं २०१४ साली कायदा बदलून वाट सोपी केली. पण कायदा बदलला तरी लहान गावातल्या दवाखान्यांत ती औषधं ठेवायला कुणी सहसा धजत नाही.

आता हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, यातलं चालतं काय? इथे खरं सांगायला हवं. २०१५ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये जगभरातल्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून एक मोठा आढावा आला. त्यात हिशोब असा की, खोट्या गोळीच्या तुलनेत आणखी एका माणसाचं दुखणं निम्म्यानं कमी व्हावं, यासाठी किती जणांना औषध द्यावं लागतं? अमिट्रिप्टिलिनच्या गटाला ३.६. ड्युलोक्सेटिनच्या गटाला ६.४. गॅबापेन्टिनला ७.२. प्रीगाबालिनला ७.७. म्हणजे सात-आठ जणांनी प्रीगाबालिन घेतली तर त्या औषधामुळे दुखणं निम्मं झालेला एक जास्तीचा माणूस मिळतो. बाकीच्यांना थोडं कमी, काहींना काहीच नाही.

हा हिशोब कळला तेव्हा मला वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं. एक गोळी लागू पडली नाही म्हणजे माझं दुखणं खोटं किंवा माझं नशीब फुटकं, असं नाही. गोळीच तशी आहे. म्हणून एक आठ-दहा दिवस घेऊन सोडायची नसते. पुरेशा डोसापर्यंत न्यायची, काही आठवडे बघायची, नाही जमली तर दुसरी, कधी दोन थोड्या थोड्या मिळून. याला डॉक्टर लागतो जो दर महिन्याला भेटेल आणि पाच मिनिटं ऐकेल.

आणि निम्मं हा शब्द नीट ऐका. या औषधांच्या जगात निम्मं कमी होणं म्हणजे उत्तम यश. मला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "शून्य ते दहा, किती?" मी म्हटलं, आठ. ते म्हणाले, "चारवर आणू. शून्याचा शब्द देत नाही." बाकी सगळ्यांनी शून्याचा शब्द दिला होता. जाहिरातींत तर 'मुळापासून नष्ट'. तेल, काढा, चुंबकाचा पट्टा, पुडीतली पांढरी पावडर. असल्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस बरं वाटतं, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शून्याचा शब्द देणाऱ्यापासून जपून राहा.

आज मी बहुतेक दिवस चारवर असते. रात्रीची एक गोळी, दोन वेळा कॅप्सूल, जास्त त्रास असेल तेव्हा पट्टी. गोळ्यांशिवायही काही गोष्टी लागल्या. मऊ मलमलचा सैल ब्लाउज, उलटा शिवलेला, म्हणजे शिवण बाहेर. सकाळी अर्धा तास चालणं, दुखत असलं तरी. झोपेची वेळ पक्की. आणि मानसोपचारतज्ज्ञ. हो, मी गेले. दुखण्यानं झोप जाते, झोप गेली की दुखणं वाढतं, दोन्हीनं माणूस चिडचिडा आणि एकटा होतो. हे चक्र तोडायला त्यांनी शिकवलं. आमचे हे सुरुवातीला म्हणाले, "म्हणजे मनाचेच खेळ ना?" मनाचे खेळ नाहीत. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो, त्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत जुनाट वेदनेला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळालाय, २०२२ पासून ती यादी लागूही झाली. ह्यांना मी ते वाचून दाखवलं. आता पाहुण्यांना तेच समजावून सांगतात.

इथवर माझं झालं. माझ्याकडे पेन्शन आहे, मिरजेला नेणारा मुलगा आहे, वाचता येतं. आता ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांचं.

माझ्या ओळखीची एक बाई यंत्रमागावर काम करते. चाळिशीतली, नऊ वर्षांपासून साखर. दहा-बारा तास उभं राहून काम. पाय असे जळतात की रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून झोपते. तिला एकदा खाजगीत प्रीगाबालिन लिहून मिळाली, महिन्याचं बिल अकराशे. दोन महिने घेतली, बरंही वाटलं, मग दिवाळी आली आणि गोळ्या बंद. अचानक. त्यानंतरचा आठवडा तिनं कसा काढला, ते तिलाच माहीत. सरकारी दवाखान्यात गेली तर कॅल्शियम आणि डायक्लोफिनॅक. मग मी तिच्यासोबत गेले, डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं आणि जनऔषधी केंद्रातून आणलं. बिल निम्म्याच्याही खाली आलं. पण ते केंद्र आपल्या तालुक्यात नाही. जायचं-यायचं एसटीचं भाडं आणि एक दिवसाचा खाडा धरला तर किती वाचले?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड तिच्याकडे आहे. पण ती योजना मुख्यतः ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. पायाला जखम होऊन, ती चिघळून बोट कापायची वेळ आली तर खर्च योजनेतून होऊ शकतो. बोट वाचवायला रोज लागणाऱ्या गोळ्यांना तिथे जागा नाही. हे गणित मी पाचवीच्या मुलांना घातलं असतं तरी त्यांनी चूक दाखवली असती.

दिव्यांग कायद्याचंही तसंच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, जुनाट वेदना हा त्यातला प्रकार नाही. चेहऱ्याच्या कळेमुळे दिवसातून दहा वेळा बोलणं थांबणाऱ्या शिक्षकाला, पाय जळणाऱ्या कंडक्टरला बैठं काम मागायचं तर हातात दाखवायला कागदच नसतो.

आणि लस. नागिणीवर लस आहे. २०२३ पासून भारतात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी मिळते. दोन डोस, मोठ्या चाचण्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त संरक्षण दिसलं. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ठरावीक वयाच्या लोकांना नागिणीची लस सरकारी खर्चानं देतात. आपल्याकडे एका डोसला दहा हजारांच्या आसपास पडतात. आपल्या तालुक्यात किती आजी-आजोबा वीस हजार रुपये काढून ही लस घेतील?

तर मागण्या. मोठं हॉस्पिटल मागत नाहीये.

एक. आपल्या सरकारी दवाखान्यात अमिट्रिप्टिलिन आणि गॅबापेन्टिन बाराही महिने हवं. दोन्ही जुनी औषधं आहेत, फार महाग नाहीत.

दोन. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्र विभागाकडे वेदनेची ओपीडी असते. तिथले डॉक्टर महिन्यातून एक दिवस तालुक्याला यावेत. ते जमत नसेल तर ई-संजीवनीवरून ठरलेल्या दिवशी सल्ला मिळावा. सोय आहेच, फक्त वार ठरवायचा आहे.

तीन. साखर तपासणीच्या प्रत्येक शिबिरात पाय तपासावेत. त्याला एक नायलॉनचा बारीक धागा आणि एक ट्यूनिंग फोर्क लागतो, मशीन नाही. संवेदना गेली की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

चार. आशाताईंना आणि आपल्या सगळ्यांना एवढं एक वाक्य पाठ व्हावं: अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं फोड आले तर ७२ तासांच्या आत डॉक्टर. डोळ्याजवळ किंवा कपाळावर आले तर त्याच दिवशी, कारण तिथे दृष्टी जाऊ शकते. दूर्वांचा लेप लावायचा असेल त्यांनी डॉक्टरांकडून आल्यावर त्यांना विचारून ठरवावं. आधी गोळी.

पाच. नागिणीच्या लसीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात यावी, आणि निदान ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी सरकारनं विचार करावा. हे तालुक्याच्या हातात नाही, पण आमदार-खासदारांच्या कानावर घालणं आपल्या हातात आहे.

पहिल्या चार मागण्यांचा अर्ज तयार आहे. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत तो ठेवायचा आहे. वाचनालयात टेबलावर ठेवलाय, संध्याकाळी पाच ते सात मी तिथे असते. येऊन वाचा, पटलं तर सही करा. नाही पटलं तर का नाही पटलं ते सांगा, बदल करू. ज्यांचे पाय जळतात, चेहरा दुखतो, पाठीत वीज चमकते, त्यांनी नावापुढे फक्त किती वर्षं दुखतंय तो आकडा लिहावा. आतापर्यंत ४१ सह्या झाल्यात. सगळ्यात मोठा आकडा एका आजोबांचा आहे, १४ वर्षं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "हे दुखणं कुठं नोंदवायचं असतं, हेच आजवर कळलं नव्हतं."

शेवटचं एक, आणि हे हलक्यात घेऊ नका. न संपणाऱ्या दुखण्यात माणसाला जगणं नकोसं वाटतं. अशी माणसं मला भेटलीत, त्यांनी ते तोंडानं बोलून दाखवलंय. घरात कुणी असं बोललं तर "काहीतरीच काय बोलताय" म्हणून विषय बदलू नका. शेजारी बसा, विचारा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, कधीही लावा, मराठीत बोलता येतं. आणि दुखणं निम्मं करणारे उपाय आहेत, ते त्यांना सांगा.

निम्मं पुष्कळ असतं. आठवर असताना मला स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. चारवर मी ही पोस्ट लिहिली.

शेअर केलीत तर बरं होईल. माझं नाव नसलं तरी चालेल, ७२ तासांचं वाक्य तेवढं राहू द्या.